विश्लेषण : डायपरमधल्या बाळाला क्रूझच्या तरणतलावात बंदी का? आणि ती योग्य कशी?

सुट्टीत सिंगापूरहून किंवा मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर सहकुटुंब जाणारे मराठी पर्यटक आता नवलाईचे राहिलेले नाहीत. आजी-आजोबा, आई-बाबा, शाळकरी ताई आणि दीड वर्षाचे धाकटे. बॅगेत बाळासाठी मुद्दाम घेतलेला, माशांची चित्रे असलेला स्विम डायपर. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उत्साहाने वरच्या डेकवर पोहोचतात आणि तलावाच्या कडेला उभा असलेला कर्मचारी नम्रपणे, पण ठामपणे सांगतो, ‘बाळाला पाण्यात नेता येणार नाही.’ बाबा स्विम डायपर दाखवतात. उत्तर तेच. मग थोडी हुज्जत, थोडे रडणे आणि आजीचा प्रश्न : ‘एवढंसं लेकरू, त्याची कसली आलीय घाण?’

आजीच्या या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे. कारण बंदी आहे एवढेच सांगितले, ती का आहे हे सांगितले नाही, तर माणसे ती चुकवण्याच्या वाटा शोधतात. कर्मचारी पलीकडे गेला की बाळाला हळूच पाण्यात बुडवून काढणारे पालक जगातल्या प्रत्येक जहाजावर सापडतात. ही बंदी का आहे, ती योग्य का आहे आणि तरीही पालकांची एक तक्रार पूर्णपणे रास्त कशी आहे, हे पाहू.

नियम नेमका काय आहे?

अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्र, म्हणजे ‘सीडीसी’, ‘व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम’ नावाचा उपक्रम चालवते. जहाजांवर पोटाच्या विकारांच्या साथी येत असल्याने गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात तो सुरू झाला. १३ किंवा त्याहून अधिक प्रवासी नेणारी, परदेशी बंदरे करून अमेरिकेच्या बंदरात येणारी जहाजे त्याच्या कक्षेत येतात. निरीक्षक पूर्वसूचना न देता जहाजावर चढतात. स्वयंपाकघर, पिण्याचे पाणी, पाळणाघर, तरणतलाव, गरम पाण्याची कुंडे असे सगळे तपासून १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास. हे गुण कोणालाही पाहता येतात.

या उपक्रमाच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की, डायपर वापरणारी किंवा शी-शूची सवय न लागलेली मुले तलावात किंवा गरम पाण्याच्या कुंडात उतरता कामा नयेत. तशी पाटी लावणेही बंधनकारक आहे. डायपर साधा की स्विम डायपर, असा फरक नियम करत नाही. अपवाद एकच : खास तान्ह्या मुलांसाठी बांधलेली पाण्याची जागा. तिची गाळण यंत्रणा वेगळी असते आणि क्लोरीनच्या जोडीला तिथे अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक केले जाते. काही मोठ्या जहाजांवर अशी जागा असते, अनेकांवर नसते.

मग सिंगापूरच्या किंवा भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर अमेरिकेचा नियम का? कारण मोठ्या कंपन्यांची जहाजे हंगामानुसार जगभर फिरतात. आज आशियात असलेले जहाज पुढच्या वर्षी फ्लोरिडात असू शकते. प्रत्येक समुद्राला वेगळा नियम लावण्यापेक्षा बऱ्याच कंपन्या सगळीकडे हाच नियम पाळतात.

मग स्विम डायपर असतो कशासाठी?

साध्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाची पावडर असते. ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून जेलसारखी होते. असा डायपर घालून बाळ तलावात उतरले तर तो तलावाचे पाणी शोषून टम्म फुगतो, बाळाला जड होतो आणि फाटला तर जेलचे गोळे पाण्यात सुटतात. म्हणून स्विम डायपरमध्ये ही पावडर नसते किंवा अगदी नावापुरती असते. याचा सरळ अर्थ असा, की तो शू अडवत नाही. ती थेट पाण्यात जाते.

राहिला प्रश्न शीचा. घट्ट शी स्विम डायपर काही वेळ धरून ठेवतो. निदान ती पाण्यावर तरंगत नाही आणि आई-बाबांची चारचौघांत पंचाईत होत नाही. पातळ शीचे मात्र तसे नाही. आणि पोट बिघडलेल्या बाळाला होते ती पातळच.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट येथील संशोधकांनी २०११ मध्ये याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गाळणी बंद ठेवलेल्या गरम पाण्याच्या कुंडात त्यांनी स्विम डायपरच्या आत पाच मायक्रॉन आकाराचे निर्धोक प्लास्टिकचे कण ठेवले. हा आकार मुद्दाम निवडला होता, कारण ‘क्रिप्टोस्पोरिडियम’ या परजीवीचा आकार साधारण तेवढाच असतो. पाण्यात नेहमीसारखे खेळणे सुरू झाल्यावर एक ते पाच मिनिटांत ५० ते ९७ टक्के कण बाहेर आले. दहा मिनिटांत ७७ ते १०० टक्के. डायपर कोणत्याही प्रकारचा असो, निकालात फार फरक पडला नाही.

थोडक्यात, डोळ्यांना दिसणारी घाण काही काळ आत राहते. न दिसणारी, म्हणजे खरी धोक्याची घाण दहा मिनिटांत सगळ्यांच्या वाट्याला येते. जंतूंच्या बाबतीत स्विम डायपरवर भरवसा ठेवणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे.

पण पाण्यात क्लोरीन असते ना?

असते, आणि ते बहुतेक जंतूंना पुरतेही. सीडीसीने याचा एक हिशेब दिला आहे. पाण्यात एक पीपीएम, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, ७.५ सामू आणि २५ अंश सेल्सिअस तापमान असेल तर ‘ई कोलाय ओ१५७’ हा जिवाणू एका मिनिटाच्या आत मरतो. कावीळ करणाऱ्या हेपॅटायटिस ‘ए’च्या विषाणूला सुमारे १६ मिनिटे लागतात. जिआर्डिया या परजीवीला ४५ मिनिटे. आणि क्रिप्टोस्पोरिडियमला? १५,३०० मिनिटे. म्हणजे साडेदहा दिवसांहून अधिक.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, क्लोरीन म्हणजे जादूची कांडी नव्हे. सोपे जंतूही मरायला मिनिटे घेतात आणि शेजारी पोहणाऱ्या मुलाने पाण्याचा घोट गिळायला सेकंद पुरते. दुसरी, क्रिप्टोपुढे नेहमीच्या मात्रेचे क्लोरीन जवळपास हात टेकते. त्याच्याभोवती टणक कवच असते आणि त्या कवचात तो दिवसेंदिवस जिवंत राहतो.

तलावाजवळ गेल्यावर नाकात जाणारा उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, म्हणजे स्वच्छ पाणी, असा आपला समज असतो. तोही उलटा आहे. घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात आणि वास येतो तो त्यांचा. स्वच्छ तलावाला फारसा वास येत नाही.

क्रिप्टोला एवढे घाबरायचे कारण काय?

क्रिप्टोस्पोरिडियममुळे पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, मळमळ, कधी ताप येतो. धडधाकट माणूस एक-दोन आठवड्यांत बरा होतो. पण लहान मुलांत शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका मोठा असतो. केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्या ते जिवावरही बेतू शकते. त्यावर लस नाही.

संसर्गाला फार जंतू लागत नाहीत. दहा किंवा त्याहून कमी कणही पुरतात आणि आजारी बाळाच्या एका वेळच्या शीतून कोट्यवधी बाहेर पडू शकतात. अमेरिकेत २००९ ते २०१७ या काळात क्रिप्टोच्या ४४४ साथींची आणि ७,४६५ रुग्णांची नोंद झाली. त्यातल्या ३५ टक्के साथींचा उगम तरणतलाव, जलक्रीडा उद्याने अशा क्लोरीन घातलेल्या पाण्यात होता. इतर कोणत्याही कारणापेक्षा हा वाटा मोठा होता. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका लेक उद्यानात २००५ मध्ये मुलांच्या कारंज्यांच्या मैदानातून हजारो लोकांना ही बाधा झाली. तिथे डुंबायला तलावसुद्धा नव्हता. तेच पाणी टाकीत जमा होऊन पुन्हा फवारले जात होते. ‘बाळ नुसतं कारंज्याखाली उभं राहील’ हा युक्तिवाद जहाजावर का चालत नाही, ते यावरून लक्षात येईल.

हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, असेही नाही. आफ्रिका व दक्षिण आशियातील सात ठिकाणी, त्यात कोलकाताही होते, लहान मुलांच्या गंभीर जुलाबांचा मोठा अभ्यास झाला. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तान्ह्या मुलांमधील जुलाबांच्या प्रमुख कारणांत रोटाव्हायरसपाठोपाठ क्रिप्टोस्पोरिडियमच होता. ‘दुधावरच्या बाळाची शी ती काय’ ही आपल्या घराघरांतली समजूत म्हणूनच तपासून घ्यायला हवी. माया आपल्या जागी ठीक, पण बाळाच्या शीतले जंतू मोठ्यांच्या शीतल्या जंतूंपेक्षा सौम्य नसतात. उलट बाळ ते आवरू शकत नाही, सांगू शकत नाही आणि स्वतःला धुऊ शकत नाही.

जहाजावरचा तलाव वेगळा कसा?

एक म्हणजे गर्दी. ‘आयकॉन ऑफ द सीज’ या २०२४ मध्ये सेवेत आलेल्या महाकाय जहाजाची कमाल प्रवासी क्षमता सुमारे ७,६०० आहे आणि तलाव सात. म्हणजे एका तलावामागे हजाराहून अधिक प्रवासी. ऑलिम्पिक आकाराच्या तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी असते. जहाजावरचे तलाव त्यापुढे हौदासारखे. वजन आणि लाटांबरोबर हेलकावणारे पाणी यांमुळे ते फार मोठे करताही येत नाहीत. पाणी थोडे, माणसे जास्त, त्यात ऊन, घाम आणि सनस्क्रीन. क्लोरीन झपाट्याने खर्ची पडते.

दुसरे म्हणजे पाणी बदलण्याची मर्यादा. काही जहाजे तलावात समुद्राचे पाणी घेतात. पण ताजे पाणी सतत आत घेऊन बाहेर सोडण्याची मुभा जहाज चालत असताना आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर दूर असतानाच मिळते. किनाऱ्याजवळ तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा वापरावे लागते.

तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे : जहाजावरून उठून घरी जाता येत नाही. शहरातल्या तलावात पोहून मूल आजारी पडले तर ते आपल्या घरी, आपल्या डॉक्टरांकडे असते. जहाजावर तेच मूल चार जणांच्या खोलीत, एका न्हाणीघरात, हजारो जणांच्या सामायिक भोजनगृहात आणि पाळणाघरात वावरते. दवाखाना असतो, पण तो छोटा. पुढचे बंदर एक-दोन दिवसांवर असू शकते.

तलावात ‘अपघात’ झाला तर काय होते?

तलाव लगेच रिकामा केला जातो. शी घट्ट असेल तर सीडीसीच्या मार्गदर्शनानुसार ती काढून, पाण्यात दोन पीपीएम क्लोरीन ठेवून किमान २५ मिनिटे तलाव बंद ठेवावा लागतो. शी पातळ असेल तर क्रिप्टो आहे असे गृहीत धरूनच चालावे लागते. तेव्हा क्लोरीन तब्बल २० पीपीएमपर्यंत नेऊन पावणेतेरा तास थांबावे लागते. उन्हात क्लोरीन टिकावे म्हणून पाण्यात सायन्युरिक आम्ल घातलेले असेल तर त्याहून बराच जास्त वेळ.

तीन रात्रींच्या सहलीत पावणेतेरा तास म्हणजे एक अख्खा दिवस. एका बाळाच्या दहा मिनिटांच्या मजेपायी शेकडो मुलांचा एक दिवस जातो. आणि हे सगळे अपघात कोणाच्या लक्षात आला तरच. स्विम डायपरची गोम इथेच आहे. तो अपघात थांबवत नाही, झाकतो. तरंगणारी शी दिसली तर तलाव बंद होतो. डायपरमधून झिरपणारी कोणाला दिसत नाही आणि तलाव सुरूच राहतो.

जहाजांवरच्या साथी तलावामुळेच येतात का?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जहाजावरच्या बहुतेक साथी नोरोव्हायरसच्या असतात. तो हातांवरून, कठड्यांवरून, अन्नातून आणि रुग्णाच्या उलटीतून पसरतो. सीडीसीच्या निकषांत बसणाऱ्या १८ साथी २०२४ मध्ये नोंदल्या गेल्या. त्यातल्या १५ नोरोव्हायरसच्या होत्या. शिवाय नोरोव्हायरसच्या एकूण नोंदींत जहाजांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. जहाज म्हणजे रोगराईचे आगर, ही समजूत चुकीची ठरते ती यामुळे.

मग तलावाच्या नियमाचा एवढा आग्रह का? याचे एक कारण वेळापत्रकात दडले आहे. नोरोव्हायरसची लक्षणे एक-दोन दिवसांत, म्हणजे बहुधा जहाजावरच दिसतात, म्हणून मोजली जातात. क्रिप्टोची लक्षणे दिसायला साधारण आठवडा लागतो. तीन-चार रात्रींची क्रूझ तोवर संपलेली असते. डोंबिवलीच्या घरी परतल्यावर मुलाला जुलाब सुरू झाले तर आपण दोष विमानतळावरच्या सँडविचला किंवा कोपऱ्यावरच्या पाणीपुरीला देतो. डॉक्टरही ‘आठवड्यापूर्वी कुठे पोहला होतास’ असे सहसा विचारत नाहीत. जहाजाला कळत नाही, कंपनीला कळत नाही आणि आकडेवारीत ते येत नाही. जो आजार मोजणीतून निसटतो, त्याला आधीच अडवावे लागते.

बंदी बाळांवरच का? मोठ्यांचे काय?

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो बिनतोड आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तलावांतील एका कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थाचे प्रमाण मोजले. हा पदार्थ शरीरातून लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यावरून ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात सुमारे ७५ लिटर लघवी असल्याचा अंदाज निघाला. एवढी काही एकट्या बाळांची नसते. सीडीसीने २०१२ च्या उन्हाळ्यात अटलांटा परिसरातील तलावांच्या गाळण्यांतून घेतलेल्या १६१ नमुन्यांपैकी ५८ टक्क्यांत ई कोलायच्या खुणा सापडल्या. आंघोळ न करता उतरलेल्या प्रत्येकाच्या अंगावरून थोडी का होईना विष्ठा पाण्यात जाते. सरासरी ०.१४ ग्रॅम, असा सीडीसीचा अंदाज आहे.

म्हणूनच त्याच पाटीवर मोठ्यांसाठीही सूचना असतात : उतरण्याआधी शॉवर घ्या, जुलाब, उलटी किंवा ताप असेल तर पाण्यात येऊ नका. अडचण अशी की कर्मचाऱ्याला डायपर दिसतो, मोठ्यांचे जुलाब दिसत नाहीत. म्हणून बाळ अडवले जाते आणि काल रात्रभर पोट बिघडलेले काका बिनदिक्कत सूर मारतात. हा पक्षपात आहे, हे मान्य. पण त्यावरचा उपाय बाळांना सूट देणे हा नाही. मोठ्यांनी साबण लावून आंघोळ करणे आणि पोट बरे नसताना पाण्याबाहेर बसणे हा आहे. आपल्याकडे तलावावर नायलॉनच्या पोहण्याच्या पोशाखासाठी अडवाअडवी होते, आंघोळीसाठी होत नाही. त्यात बदल व्हायला हवा.

मग पालकांची तक्रार कुठे रास्त आहे?

ती बंदीबद्दल नाही, बंदी केव्हा कळते याबद्दल आहे. बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांच्या बाळाला जहाजावर घेतात. बाळाचे तिकीट काढले जाते. जाहिरातीत घसरगुंड्या, कारंजी, हसणारी मुले दिसतात. पण तुमच्या बाळाला यातल्या एकाही पाण्यात उतरता येणार नाही, ही ओळ अटी-शर्तींच्या जंगलात कुठेतरी असते. सहल विकणारे एजंट ती सांगत नाहीत. अनेकांना ती ठाऊकच नसते. लाखभर रुपये मोजून डेकवर पोहोचलेल्या बापाला ती पहिल्यांदा कर्मचाऱ्याच्या तोंडून कळते, आणि त्याचा राग त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यावर निघतो. तो कर्मचारीही अनेकदा गोव्याचा किंवा कोकणातला, घरापासून महिनोन्‌महिने दूर असलेला कोणी तरुण असतो.

बुकिंगच्या अर्जात बाळाची जन्मतारीख भरताच पडद्यावर ठळक सूचना यावी : या जहाजावर डायपरमधल्या मुलांसाठी पाण्याची जागा आहे किंवा नाही. एवढे करायला खर्च येत नाही. ज्या जहाजावर अशी जागा नाही, त्या जहाजाने कुटुंबांसाठीच्या जाहिरातीत बाळांचे फोटो वापरू नयेत. आणि हजारो प्रवासी नेणाऱ्या नव्या जहाजांत तान्ह्यांची वेगळी, स्वतंत्र गाळणीची जागा असायलाच हवी. बाळाला अडवायचे, तर त्याला पर्यायही द्यायचा.

भारतात यावर बोलण्याची वेळ आत्ताच का?

कारण हा व्यवसाय आपल्या दारात वाढतो आहे. मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप अशा क्रूझ २०२१ पासून सुरू आहेत. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ची सुरुवात केली, २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी वाहतूक दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. बॅलार्ड पिअरला नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे राहिले आहे. गोदी, रस्ते, तपासणी कक्ष यांवर भरपूर चर्चा होते. तलावातल्या पाण्यावर होत नाही.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार जहाजांना स्वच्छता प्रमाणपत्र लागते. ते सहा महिने चालते आणि आपल्याकडे बंदर आरोग्य यंत्रणा ते देते. तलावाच्या पाण्याच्या दर्जासाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ३३२८’ हे मानकही आहे. म्हणजे पाया आहे. त्यावर तीन गोष्टी उभ्या करायला हव्यात. एक, डायपरबाबत स्पष्ट नियम आणि त्याची मराठी, हिंदी, इंग्रजीत कारणासह पाटी. दोन, पूर्वसूचनेशिवाय तपासणी आणि तिचे गुण प्रवाशाला तिकीट काढण्याआधी मोबाइलवर दिसण्याची सोय. तीन, क्लोरीन आणि सामूची ताजी नोंद तलावाशेजारी फळ्यावर. लोकलचे वेळापत्रक आपण फोनवर बघतो, तसे ज्या पाण्यात मूल सोडायचे त्याचा आकडाही बघता यायला हवा.

हे शास्त्र समुद्रावरच थांबत नाही. कर्जत, लोणावळा, अलिबागच्या रिसॉर्टमधले छोटे तलाव, शनिवार-रविवारची गर्दी आणि त्यात डायपरसकट सोडलेली बाळे हे दृश्य कोणी पाहिलेले नाही? जहाजावर निदान कोणीतरी अडवते.

बाळासह क्रूझला जाणाऱ्यांनी काय करावे?

बुकिंगपूर्वी एकच प्रश्न लेखी विचारा : डायपरमधल्या मुलासाठी या जहाजावर पाण्याची जागा आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर तिथे स्विम डायपर लागतोच. तो दर तासाला तपासा आणि पाण्याच्या कडेला नाही, न्हाणीघरात बदला. नंतर हात साबणाने धुवा. जंतुनाशक जेल नोरोव्हायरस आणि क्रिप्टो या दोहोंपुढे कमी पडते.

उत्तर ‘नाही’ असेल तर हवा भरून वापरायचा छोटा टब आपल्या खोलीच्या न्हाणीघरात चालेल का ते विचारा. शॉवरखाली एक बादली आणि दोन प्लास्टिकचे मग यांत दीड वर्षाचे मूल तासभर रमते, हे कोणतीही आजी सांगेल. डेकवर आई-बाबांनी आळीपाळीने पोहावे.

बाळाचे किंवा मोठ्याचे पोट बिघडले असेल तर पाण्यात उतरू नका आणि जहाजाच्या दवाखान्याला सांगा. लपवू नका. जुलाब क्रिप्टोमुळे झाल्याचे निदान झाले असेल तर ते थांबल्यावरही दोन आठवडे तलाव वर्ज्य. तेवढे दिवस जंतू बाहेर पडत राहू शकतात. सहलीनंतर दहा-बारा दिवसांत मुलाला पाण्यासारखे जुलाब लागले, तर ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना पोहण्याबद्दल आवर्जून सांगा. क्रिप्टोसाठी शीची वेगळी तपासणी सांगावी लागते. नेहमीच्या तपासणीत तो हुकू शकतो.

राहता राहिला तो मोह. ‘सवय लागली आहे का?’ असे कर्मचाऱ्याने विचारले की अनेक जण मान डोलावतात. आपल्या घरांत या टप्प्याला एक नेमका शब्दप्रयोग आहे : ‘बाळ सांगायला लागलं.’ जहाजाचा नियम शेवटी तेवढेच विचारतो. बाळ सांगायला लागले असेल तर पाणी त्याचेच आहे. लागले नसेल, तर त्याच्या वतीने खरे सांगणे आपल्याकडे येते. त्याच तलावात पलीकडे कोणाचे तरी सहा वर्षांचे मूल नाकातोंडात पाणी जात पोहायला शिकत असते, आणि कठड्याला धरून केमोथेरपीतून नुकते सावरलेले कोणाचे तरी आजोबा उभे असतात. त्यांनी आपल्यावर भरवसा ठेवलेला असतो, हे त्यांना माहीतही नसते.